रेडिओवरचं अर्धं नाव

"गान्यावर नका पारखू रेडिओ, नावावर पारखा."

असं म्हणत आमच्या पोस्टातले बाबू समोरच्याच्या हातातला ट्रान्झिस्टर काढून घेत आणि बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर टकटक करत. या टकटकीचा रेडिओच्या बऱ्या-वाईटाशी काडीचाही संबंध नव्हता. पण समोरचा माणूस मात्र पोरगी दाखवायला आणणाऱ्या बापासारखा श्वास रोखून उभा राही.

टेबलापलीकडे बसलं की ज्यांच्या अंगात सरकार येतं, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पहिल्या आठवड्यात मी त्यांना त्याच रांगेत बसवून मोकळा झालो होतो. माझं वय तेव्हा तेवीस. त्या वयात माणसाला सगळं लवकर कळतं.

मी नगरकडचा. पोस्टात कारकून म्हणून पहिलीच नेमणूक बुलढाणा जिल्ह्यात झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते काही पोस्टाच्या कायद्यात बसणारं नाही. चिखलीहून एसटीनं तासाभराचं अंतर, एवढं पुरे. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन लागे आणि ते पोस्टात मिळे. दरवर्षी छोटं पुस्तक घेऊन यायचं, फी भरायची, शिक्का मारून घ्यायचा. हे काम त्यांच्याकडे होतं, म्हणून सारं गाव त्यांना लायसनबाबू म्हणे. मीही तेच म्हणतो.

लायसनसाठी रेडिओ दाखवावा लागत नसे. अर्ज पुरे. पण बाबू अर्ज बाजूला सरकवत आणि चष्म्यावरून पाहत.

"सेट कोठं आहे?"

"घरी हाय बाबू."

"घेऊन या. एक सांज इथं ठेवा लागते. तपासनी असते. सकाळी घेऊन जा."

कुणी कुरकुर केली, तर ते भिंतीवरच्या चौकटीतल्या इंग्रजी कागदाकडे बोट दाखवत. "शासनाचा नियम आहे बाप्पा. वाचून घ्या." पार्सल कसं बांधावं, गाठ कुठे मारावी, लाख कुठे लावावी, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. लोक त्याच्याकडे आदरानं पाहत आणि रेडिओ ठेवून जात. एक नवा नवरदेव सासऱ्यानं दिलेला सेट ठेवायला काही केल्या तयार होईना. म्हणाला, "बाबू, बायको माहेरी गेली. आता हाही गेला तं घरात बोलनारं कोन?" बाबूंनी त्याला चहा पाजला, पण सेट ठेवूनच घेतला.

मला हा सगळा प्रकार मुजोरीचा वाटला. महिनाभरानं मी पोस्टमास्तरांकडे तक्रार केली, की हे बाबू नसलेला नियम लोकांच्या गळ्यात मारतात.  मास्तरांनी उठून दार लोटून घेतलं आणि मला सांगितलं.

बाबूंना एकच मुलगा. तुळशीराम. फौजेत होता. मी रुजू होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात लढाई झाली, ती चौदा दिवसांत संपलीही. ती संपल्यावर तार आली. तार घ्यायला टेबलावर दुसरं कुणी नव्हतं, तेच होते. मेला असं तारेत नव्हतं, जखमी असंही नव्हतं. बेपत्ता, असं होतं. जन्मभर लोकांचे पत्ते शोधून देणाऱ्या माणसाच्या हातात तो शब्द पडला.

सीमेपलीकडचं रेडिओ स्टेशन तेव्हा शॉर्टवेव्हवर, दिवेलागणीच्या सुमाराला, त्यांच्या ताब्यातल्या आपल्या जवानांची नावं वाचून दाखवी. रोज नाही, अधूनमधून. त्या स्टेशनचं नावही कुणी मोठ्यानं घेत नसे. बाबूंच्या घरचा जुना सेट नागपूरच्या पुढे जायला तयार नव्हता. इतक्या लांबचं कुठला सेट नीट ओढून आणेल, हे दुकानात उभं राहून कळत नाही. म्हणून आसपास कुठेही नवा ट्रान्झिस्टर आला, की तो एका संध्याकाळपुरता त्यांना हवा असे. त्यासाठी त्या साध्या, भिडस्त माणसानं सरकारचा एक नियमच तयार केला होता.

मला माझी लाज वाटली. त्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मागच्या पडवीत जाऊन त्यांच्याजवळ बसलो.  त्यांनी माझ्या हातात एक पेन्सिल आणि फाटक्या पाकिटाचा कोरा तुकडा दिला.

"तुम्ही तिकडं तोंड करून बसा. नाव आयकू आलं का लिवा. माह्याकडं पाहू नका. मी वेगळं लिवतो."

"असं कशाला?"

"एकट्याचा कान मनातलंच आयकते. दोघाइचं जुळलं तं आयकू आलं म्हनाचं."

मग त्यांनी मला नावाची गोष्ट समजावली. "गानं अर्धं आलं तरी आपन पुरं करतो. चाल ठाऊक असते ना. बातमीही अंदाजानं लागते. पन ज्या मानसाले आपन कधी पाह्यलं नाई, त्याचं नाव अंदाजानं नाई लागत. ते सेटनं साफ देल्लं, तं सेट खरा."

असं आमचं सुरू झालं. नवा सेट आला की बाबू त्याची एरियलची तार पूर्ण बाहेर ओढत, तिच्या टोकाला तांब्याची दुसरी तार चिमट्यानं लावून ती पडवीच्या पत्र्याला जोडत आणि काटा केसाकेसानं सरकवत. शॉर्टवेव्हवर स्टेशनं बाजारच्या दिवशीच्या एसटीसारखी, एकाच्या मांडीवर दुसरं. एक धरायला जावं तर तिसरंच बोलायला लागे. कधी चांगलं लागलेलं स्टेशन हात काढला की पळून जाई. मग बाबू सेट दोन्ही हातांत धरून, मान वाकडी करून तसेच बसून राहत. त्यांच्या हाताला मुंग्या येत, पण ते हात हलवत नसत.

मोठमोठे, चकचकीत सेट आले आणि नापास होऊन गेले. चिखलीच्या एका व्यापाऱ्यानं पेटीएवढा सेट आणला होता, त्याच्या आवाजानं पडवीचा पत्रा थरथरायचा. बाबूंनी सकाळी तो परत करताना सांगितलं, "गळा लय भारी आहे शेठ. कान नाई." त्यांची परीक्षा या दोन शब्दांत असे. गळा म्हणजे आवाज, कान म्हणजे लांबचं पकडायची ताकद. "बजारात समदे गळाच पाहून घेते. कान कोनी पाहत नाई," असं ते म्हणत. हे त्यांनी नुसतं रेडिओबद्दल म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण विचारायची माझी छाती झाली नाही.

वैशाखात उंद्रीचा कंपाउंडर आला. त्याच्या साडूनं मुंबईहून आणलेला सेट होता, पाठ्यपुस्तकाएवढा, भोकाभोकांच्या कातडी पाकिटात, मनगटात अडकवायला पट्टा. मी हसलो. बाबूही हसले. त्यांनी टकटक केलं तर तो नीट वाजलाही नाही.

संध्याकाळी तार जोडली आणि काटा फिरवला. खरखर कमी होती. एकापाठोपाठ एक स्टेशनं वेगवेगळी, सुटी सुटी येत होती. हात काढला तरी स्टेशन जागेवर राहिलं. बाबू माझ्याकडे पाहून पुटपुटले, "मूर्ती लहान, पन कान पाहा याचा."

थोड्या वेळानं ते स्टेशन लागलं आणि उर्दूतून नावं सुरू झाली. नंबर, हुद्दा, नाव. मी पाठ फिरवून लिहू लागलो. पहिली चार नावं इतकी स्वच्छ आली, की माझी पेन्सिल एकदाही अडली नाही. पाचव्याला नंबर सुरू झाला आणि लाट आल्यासारखा आवाज खाली गेला. खरखर, शीळ, काही तरी दोन-तीन अक्षरांचं बुडालेलं, आणि मग एकदम मोकळा आवाज: "...राम." लगेच सहावं नाव. ते पुन्हा स्वच्छ.

नावं संपली. गाणं लागलं. बाबूंनी सेट बंद केला, तरी मी वळून पाहायला धजत नव्हतो. त्यांच्या तुकड्यावर तुळशीराम लिहिलेलं असेल, याची मला खात्री होती. मी बाप असतो तर तेच लिहिलं असतं.

त्यांनी हात पुढे केला. मी माझा तुकडा दिला. त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. माझ्या पाचव्या ओळीत होतं, राम. त्यांच्या पाचव्या ओळीतही तेवढंच होतं.

"जुळलं," ते म्हणाले, आणि तोंडावर उपरणं धरून रडू लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस आवाज न करता रडतो, तेव्हा जवळच्यानं काय करायचं असतं, हे मला अजूनही माहीत नाही.

आता वऱ्हाडातल्या रामांची गंमत तुम्हाला सांगायला नको. सखाराम, गंगाराम, सीताराम, आत्माराम. आमच्या पोस्टाच्या रोजच्या वाटणीत वीस तरी राम निघत. हे माझ्यापेक्षा बाबूंना अधिक ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर सेट न्यायला आला, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी नियमाचं नाव काढलं नाही. खरं ते सांगितलं आणि हात जोडले. कंपाउंडर भला माणूस. "ठेवा बाबू, महिनाभर ठेवा," म्हणाला. आम्ही रोज बसलो. नावं दोनदा आली, पण ते पाचवं नाव पुन्हा आलं नाही. घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. "पुरं आयकू येईन तवा सांगीन," असं ते म्हणत.

पण कंपाउंडरची बहीण वरवट बकालला दिलेली होती आणि बातमी तिकडे पोचली. पंधरा दिवसांनी भर दुपारी एक तरुण बाई आणि तिचा दीर पोस्टात आले. तीन एसट्या बदलून आले होते. दीर बोलत होता. त्याचा भाऊही फौजेत, त्याच लढाईत बेपत्ता. घरी म्हातारा बाप आता थांबायला तयार नव्हता. तेरवी उरकून टाकू आणि सुनेला माहेरी धाडू, असं त्यानं ठरवलं होतं. पुढच्या सोमवारचा दिवस धरला होता.

"तुमी राम आयकलं म्हनते, बाबू," दीर म्हणाला. "आमच्या भावाचंही..."

"नाव काय?" बाबूंनी विचारलं. पण त्याच्याकडे नाही, तिच्याकडे पाहून.

दीरानं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं त्याला थांबवलं. त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडावर आणत नसे, हे तुम्ही जाणताच. फार तर लग्नाच्या उखाण्यात, तेही चार बायकांनी आग्रह केल्यावर. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव सांगायची वेळ आली, तर बायका शेजारणीला पुढे करत. तिनं पदर सारखा केला. ओठ दोनदा नुसतेच हलले. मग पोस्टात रांगेला उभ्या असलेल्या दहा पुरुषांच्या देखत ती स्वच्छ म्हणाली,

"आत्माराम."

दीरानं मान खाली घातली. रांगेतलं बोलणं थांबलं. बाबू तिच्याकडे क्षणभर पाहत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "तेच व्हतं. आत्माराम. साफ आयकू आलं."

मी जागच्या जागी उडालो. ते शांतपणे एक कोरा कागद घेऊन लिहू लागले, की अमुक तारखेला संध्याकाळी रेडिओवर आत्माराम हे नाव ऐकलं. खाली सही केली, तारखेचा शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"दोन कान लागते," ते म्हणाले. "करा सही."

ती बाई माझ्याकडे पाहत होती. मी सही केली. आयुष्यात पुढे बऱ्याच कागदांवर सह्या केल्या, काही चुकलेल्याही असतील. जाणूनबुजून खोटी केली ती तेवढी एकच.

ते दोघे गेल्यावर मी बाबूंवर भडकलो. "हे काय केलंत तुम्ही? उद्या तो आला नाही तर? आणि तुळशीरामचं काय?"

"आपल्या दोघाइच्या कागदावर निस्तं राम व्हतं," ते म्हणाले. "मले वाटलं व्हतं पुरं लिवावं. हात झाला नाई. तिले पाहा, तिनं तोंडानं घेतलं."

"म्हणून देऊन टाकलंत?"

"सोमवारी तिचं कुंकू पुसून राह्यले व्हते बाप्पा. थांबतीन आता." मग टेबलावरचा शिक्का पुसत म्हणाले, "एक नाव दोघाइले नाई देता येत. माह्या पोट्ट्याचं येईन अजून."

त्यानंतरही ते सेट ठेवून घेत, आम्ही बसत असू. पण त्या वैशाखातल्या संध्याकाळबद्दल ते पुन्हा कधीही बोलले नाहीत. दिलेली वस्तू पुन्हा हातात घेऊन पाहू नये, असा त्यांचा स्वभाव.

हिवाळ्यात कैद्यांची अदलाबदल झाली. सुटून आलेल्यांची नावं कळायला चार-आठ दिवस गेले. वरवट बकालहून कार्ड आलं. आत्माराम जिवंत होता, इस्पितळात होता, महिन्याभरात घरी येणार होता. बाबूंनी ते कार्ड मला वाचायला लावलं, मास्तरांना वाचायला लावलं, रांगेतल्या एका अनोळखी म्हाताऱ्यालाही वाचून दाखवलं. "खरं निघालं ना! त्याचंच नाव व्हतं ते!" त्यांना इतकं आनंदलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. आपण खोटं बोललो नाही, याचंच त्यांना फार मोठं सुख झालं असावं.

पण त्या सुखाच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, आणि तीही त्यांनीच मला सांगितली. तो राम आत्मारामचा होता, म्हणजे तुळशीरामचं नाव कुणी कधी वाचलंच नव्हतं. परत आलेल्यांतही तो नव्हता. फौजेचं पत्र आलं, आता आशा धरू नये असं. बाबूंनी पहिल्यांदा काकूंना समोर बसवून सगळं समजावलं. काकूंनी दिवस धरला. तेरवी झाली. मी पंगतीत वाढायला होतो. काकू एकदाच मोठ्यानं रडल्या. त्यानंतर त्या जेवू लागल्या, झोपू लागल्या. वर्षभर त्या धड झोपल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

महिन्याभरानं आत्माराम आला. बायकोला घेऊन थेट पोस्टात. काठी टेकत चालत होता, पण उंच, हसरा गडी. त्यानं वाकून बाबूंच्या पायाला हात लावला. बाबूंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कौतुकानं विचारलं, "तुमचं नाव रेडिओवर घेतलं त्याइनं, तवा तुमाले माहीत व्हतं का? का सांगत नव्हते?"

"माह्यं नाव?" तो म्हणाला. "माह्यं नाव त्याइले मालूमच नव्हतं काका. डोक्याले मार व्हता. मी कोन, हे मलेच ठाऊक नव्हतं सात-आठ महिने. श्रावणात मी पयल्यांदा नाव सांगलं. तवालोक बिननावाचाच पडून व्हतो."

आम्ही राम ऐकला तो वैशाखात, यानं नाव सांगितलं ते श्रावणात. मी बाबूंकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

ती बाई मात्र पाहत होती. तिनं पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला, शिक्क्याची बाजू वर करून टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "काका, मंग हे कोनाचं व्हतं?"

बाबूंनी कागदाला हात लावला नाही. "तुमचंच हाय माय," ते म्हणाले. "ठेवा. देवाघरचं येळापत्रक वेगळं असते." आणि इतकं मोकळं हसले, की आत्मारामही हसला. त्यांना एसटीत बसवून द्यायला ते स्वतः स्टँडपर्यंत गेले.

परत आले ते टेबलाशी गेलेच नाहीत, पडवीत जाऊन बसले. मी शेजारी बसलो. तो राम तुळशीरामचाच असेल असं नाही, कुणा तिसऱ्याचाही असेल. राजस्थानातला, बिहारमधला, कुठलाही. हे मी त्यांना म्हणालोसुद्धा. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले,

"काकूले सांगू नका."

"नाही सांगत."

"तिची झोप लागून राह्यली आता."

त्यानंतर त्यांनी फौजेला किती पत्रं लिहिली, ते मला ठाऊक आहे, कारण पत्ते मीच टाइप केले. सगळ्या उत्तरांचा मजकूर सारखाच होता. ती पत्रं ते घरी नेत नसत. चार वर्षांनी ते निवृत्त झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापात, गेले. शेवटपर्यंत ते तुळशीरामबद्दल 'होता' असं म्हणत, पण तेवढं काकूंसमोर. माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून 'आहे' निघे.

माझी बदली कुठे कुठे झाली, तरी दिवाळीत एकदा मी काकूंकडे जात राहिलो. त्या खूप जगल्या. फराळाचं ताट पुढे ठेवून, फोटोतल्या मुलाकडे पाहत, दरवर्षी त्या एकच बोलत: "बरं झालं बाप्पा, एकदाचं समजलं. नाईतं हे आन मी, दोघंही जल्मभर वाट पाहत बसलो असतो."

"हो काकू," मी म्हणायचो.

मागच्या दिवाळीआधी काकूही गेल्या.